सरड्याची धाव

ज्या खोट्याने कुणाचंही नुकसान होत नाही, असं खोटं बोलायला हरकत आहे काय? हा प्रश्न थोर थोर तत्त्वज्ञांना आरामखुर्चीत बसल्या बसल्या पडलेला आहे. मला तो पाचोडच्या एका मैदानावर, पहाटे साडेपाच वाजता, कानाला मफलर, हातात घड्याळ आणि टाचेत कळ अशा अवस्थेत पडला. तेव्हा माझ्या उत्तरात थोडा लंगडेपणा आढळला, तर वाचकांनी तो टाचेच्या खाती टाकावा.

सुरुवातीपासून सांगतो. मास्तरकीतून निवृत्त झालो आणि वर्षभरात रक्तात साखर निघाली. चाळीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून बोललो, तेव्हा तोंडात कधी न आलेली ही साखर रक्तात कुठून आली हे मला कळलं नाही; पण डॉक्टर म्हणाले, "सर, चालत जा." मी चालू लागलो. एके दिवशी बाजाराच्या रस्त्यावर एक कुत्रं मागे लागलं आणि मी धावू लागलो. कुत्रं थांबलं, मी थांबलो नाही. धावणं आपल्याला जमतं आहे, नव्हे आवडतं आहे, असा साक्षात्कार मला एकसष्टाव्या वर्षी झाला.

आता पाचोड हे काही धावण्याचं गाव नव्हे. ते मोसंबीचं गाव. संभाजीनगरहून बीडकडे निघालात की पन्नासेक किलोमीटरवर लागतं. इथे माणूस तीनच कारणांनी धावतो : एक, एसटी सुटली म्हणून, दोन, कुत्रं सुटलं म्हणून, आणि तीन, पोलीस भरतीच्या जागा सुटल्या म्हणून. चौथं कारण गावाला मान्य नाही. पहिल्या आठवड्यात मला निदान वीस जणांनी थांबवून विचारलं, "काय सर, कुठं पळायलेत? सगळं ठीक हाय ना घरी?" एका सद्गृहस्थाने तर मोटरसायकल शेजारी आणून "बसा मागं, सोडतो" म्हटलं. मी "व्यायाम, व्यायाम" असं धापा टाकत म्हणालो. त्यांनी ते "आयाम, आयाम" असं ऐकलं आणि सरांना वायगोळा झाला, अशी बातमी माझ्याआधी घरी पोचवली.

इथून माझ्या खोटेपणाचा इतिहास सुरू होतो. त्याचे तीन खंड आहेत.

खंड पहिला : बूट. धावायला लागल्यावर महिन्याभरात पायातले जुने कॅनव्हासचे बूट तोंड वासून माझ्याकडे पाहू लागले. मी शहरात गेलो. दुकानातल्या पोराने मला इकडून तिकडे चालवलं, माझ्या पावलांकडे वधूपरीक्षेला आलेल्या मामासारखं वाकून पाहिलं आणि "अंकल, तुमचा पाय आत पडतो" असा निकाल दिला. मग त्याने माझ्यापुढे दहा जोड मांडले. एकाचा तळ तर एवढा जाड होता, की मी तो घालून उभा राहिलो आणि दुकानाचा पंखा जवळ आला. पुढे वाचलं, की जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेलाही या जाडीची धास्ती वाटली आणि तिने २०२० साली रस्त्यावरच्या शर्यतीच्या बुटांना चाळीस मिलिमीटरची मर्यादा घातली. मला स्वतःला बुटाच्या बाबतीत शेवटी तीनच गोष्टी पटल्या आहेत. बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. पुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी असावी. आणि घातल्याबरोबर तो पायाला बरा वाटला पाहिजे. बाकी पाय आत पडतो की बाहेर, याची चिंता दुकानदाराने करावी. त्याला त्याचा पगार मिळतो.

बूट साडेसहा हजारांचे निघाले. घरी येताना मी डब्यावरची किंमतीची चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि सौ.ला सांगितलं, "बावीसशे."

"बावीसशे? चपलांना?"

"बूट आहेत ते. टाच वाचते."

"तो कोण तुमचा अनवाणी पळणारा, त्याची नव्हती का टाच?"

हा दोष माझाच. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकली, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत, हे मीच तिला आदल्या रात्री कौतुकाने सांगितलं होतं. मी म्हणालो, "अगं, पण १९६४ साली टोकियोला तो बूट घालून पळाला आणि तीन मिनिटं आधी पोचला."

"तुम्हाला तीन मिनिटं आधी पोचून करायचं काय आहे?"

या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. पण खरी गंमत पुढे आहे. सौ.ने शेजारी ही स्वस्ताई सांगितली. दोन दिवसांनी शेजारचे आबा आले. मोसंबीच्या बागा राखणारा, तोडीच्या हंगामात रात्रंदिवस राबणारा माणूस. रुमालातून मोजून बावीसशे रुपये काढून माझ्या हातावर ठेवले, सोबत कागदावर पेन्सिलीने काढलेला पायाचा ठसा. "सर, पोरगा भरतीची तयारी करायलाय. तसलेच बूट आणा त्याला. तुमच्या वळखीनं सस्तात मिळाले म्हणं."

मी शहरात गेलो, बावीसशेत माझे चार हजार तीनशे घातले आणि बूट आणले. खोट्याला पाय नसतात म्हणतात. माझ्या खोट्याला दोन पाय होते, नऊ नंबरचे.

खंड दुसरा : वेळ. शहरात एका रविवारी दहा किलोमीटरची शर्यत होती. मी नाव घातलं. छातीला नंबर लावला, चार पिनांपैकी एक बनियनला आणि एक मला टोचली, आणि धावलो. शेवटच्या किलोमीटरला एक आजी केळी विकत बसल्या होत्या, त्या मला म्हणाल्या, "दमानं रे बाबा." दमानेच गेलो. वेळ लागली १ तास १७ मिनिटं ५२ सेकंद.

गावात आल्यावर पहिल्याने विचारलं. मी म्हटलं, "सव्वा तास." आता, दोन मिनिटं बावन्न सेकंद म्हणजे काय, चिल्लर, आणि चिल्लर सोडून देण्याची आपल्याकडे रीत आहे. मंडईत विचारलं तेव्हा म्हटलं, "तासाच्या आसपास." आसपास हा शब्द मोठा विशाल आहे. महिन्याने बीडला सासुरवाडीत मेव्हण्याने विचारलं, तोवर मी पंचावन्न मिनिटांवर आलो होतो. घरी बसल्या बसल्या एवढी प्रगती करणारा धावपटू जगात दुसरा नसेल.

नसेल असं कसं म्हणू? १९०४ सालच्या सेंट लुईसच्या ऑलिंपिकमध्ये फ्रेड लॉर्झ नावाचा अमेरिकन दमून मोटारीत बसला, तब्बल अकरा मैल मोटारीतून आला, मोटार बिघडली म्हणून उतरला आणि ताज्या पायांनी मैदानात शिरला. लोकांनी विजेता म्हणून जयजयकार केला. तो गंमत होती म्हणाला, पण पकडला गेला. मला या गृहस्थाविषयी प्रेम आहे ते पुढच्या गोष्टीसाठी : पुढच्याच वर्षी, १९०५ साली, त्याने बोस्टनची मॅरेथॉन स्वतःच्या पायांनी जिंकली. म्हणजे त्याच्यात ऐपत होती, धीर नव्हता. माझ्यात धीर आहे, ऐपत नाही. म्हणून मी मोटारीऐवजी जिभेवर बसून आलो.

माझा बोभाटा सौ.ने केला, आणि तोही प्रेमापोटी. शर्यतीचं प्रमाणपत्र टपालाने आलं. तिने ते काचेच्या चौकटीत घालून बैठकीत, बरोब्बर पाहुण्यांच्या कोचासमोर लावलं. त्यावर ठसठशीत अक्षरांत : १ तास १७ मिनिटं ५२ सेकंद. सासुरवाडीचा मेव्हणा दिवाळीत आला, चहा पिता पिता त्याने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि सुपारीचं खांड तोंडात टाकून म्हणाला, "दाजी, आमच्याकडं बीडला तास लहान आसंल."

या दोन खंडांचं तात्पर्य मी तेव्हा असं काढलं होतं, की निरुपद्रवी खोट्याचं बिल आपल्याच नावावर फाटतं, ते भरावं आणि हसावं. पहिल्यात चार हजार तीनशे गेले, दुसऱ्यात अब्रू गेली. दोन्ही माझ्या मालकीच्या वस्तू. माझं मी उधळलं, कुणाच्या बापाचं काय गेलं?

तिसरा खंड लिहायचं मी इतकी वर्षं... नव्हे, इतके महिने टाळतो आहे. (पाहा, हे असं वाढवून सांगायची सवय जात नाही.)

झालं असं, की प्रमाणपत्राची लाज धुऊन काढायला मी एकदम जोराने धावू लागलो. तीन किलोमीटरचे आठ केले, तेही आठवड्यात. टाच बसली. सकाळी खाटेवरून पहिलं पाऊल खाली टाकलं की टाचेत खिळा शिरायचा. दहा-वीस पावलांनंतर तो जरा विरघळायचा. गावाने उपाय सांगितले : गरम वीट, रुईचं पान, हळद, आणि एकाने तर "सर, वय झालं." डॉक्टरांनी मात्र तळव्याची शीर की पडदा काय तो ताणला गेल्याचं सांगितलं. "धावण्यानं नाही झालं हे. घाईनं झालंय," म्हणाले. मी विचारलं, गुडघेही जातील का? लोक म्हणतात, धावणाऱ्याचे गुडघे झिजतात. त्यांनी २०१७ सालचं एक संशोधन सांगितलं : हौसेने धावणाऱ्यांत शंभरातल्या साडेतीन जणांच्या गुडघ्यात वा खुब्यात झीज दिसली, बसून राहणाऱ्यांत दहांहून थोड्या अधिक, आणि शर्यती जिंकायला धावणाऱ्यांत तेरांच्या वर. म्हणजे निसर्गालाही हौशी कलावंतच आवडतात. जिंकायला जाणाऱ्याला तो दाम लावतो. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. २०२५ च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत त्याचा गुडघा दुखावला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. तो जगातल्या वाऱ्याशी पळत होता. मी मेव्हण्याच्या एका वाक्याशी.

धावणं बंद, पण पहाटे जाग यायची. मग मी मैदानावर जाऊन बसू लागलो. तिथे भरतीची पोरं-पोरी पळतात. चुन्याने आखलेला दोनशे मीटरचा गोल. मुलांनी आठ फेऱ्या मारायच्या, मुलींनी चार. या लेकरांची धाव आणि माझी धाव यांत काय अंतर आहे, ते मला तिथे बसल्यावर कळलं. मी धावतो ती साखर उतरावी म्हणून. ती धावतात घराचं दैन्य उतरावं म्हणून. पोलीस भरतीत मैदानाचे पन्नास गुण, त्यांतले वीस एकट्या धावण्याचे. मुलांनी सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत काढले, मुलींनी आठशे मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांत काढले, की वीसच्या वीस. तिथून काटा जसा पुढे सरकेल तसे गुण गळायला लागतात. आणि एकेका गुणावर किती पोरं लटकलेली असतात हे त्या यादीखाली उभं राहून रडणाऱ्यांना विचारावं.

मास्तर रिकामा बसलेला पाहून पोरांनी माझ्या हातात घड्याळ दिलं. "सर, टायमिंग तेवढं बघा." मी खूश. चाळीस वर्षं दुसऱ्याला गुण देण्यात गेलेली. हा हात अजून शिवशिवत होता.

त्यात आबांचा पोरगा होता, माझ्या बावीसशेच्या बुटांतला. ही त्याची तिसरी भरती. पाच मिनिटं बावीस सेकंद, पाच एकवीस, पाच तेवीस. तीन आठवडे तो तिथेच घुटमळत होता. एका सकाळी तो माझ्याजवळ येऊन मटकन बसला आणि बुटाच्या नाड्या सोडत म्हणाला, "सर, सोडून देतो. आडतीवर हमालीला लागतो. आबा थकले आता." मी म्हटलं, "शेवटचं एकदा पळ." तो पळाला. घड्याळात पाच एकवीस. तो गुडघ्यांवर हात टेकून, वर माझ्याकडे पाहत विचारत होता, "किती आलं, सर?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "पाच चौदा."

त्याचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, याला खोटं म्हणणारा माणूस पाषाणहृदयी असला पाहिजे. शिवाय जीभ तयार होती. ती दोन खंडांची तालीम करून बसलेली. दुसऱ्या दिवशी पाच चौदाचं पाच पंधरा कसं सांगणार? म्हणून पाच तेरा सांगितलं. मग बारा, मग अकरा. शेवटच्या आठवड्यात मी त्याला पाच दहावर नेऊन ठेवलं. घड्याळात तो होता तिथेच होता. मला वाटलं, उमेद वाढली की पाय आपोआप वाढतील.

पायांना उमेद पोचली, पण निराळ्या वाटेने. धावणं बसलं असं समजून त्याने संध्याकाळचं पळणं सोडलं आणि तो वेळ गोळाफेकीला आणि क्लासला दिला. अगदी शहाणपणाने दिला. चुकीच्या आकड्यावर माणूस जितकं शहाणपणाने वागेल तितका जास्त बुडतो. भरतीच्या मैदानावर पायाला चिप बांधतात. ती चिप माझ्या शाळेत शिकलेली नव्हती. तिने पाच बावीस सांगितलं. पोरगा दोन गुणांनी राहिला.

परत आल्यावर पहाटे तो मैदानावर आला. मला नमस्कार केला आणि विचारलं, "सर, तुमचं घड्याळ मागं पडतंय का?"

वाचकहो, त्याला घड्याळाचा संशय आला, माझा आला नाही. "हो रे, सेल उतरला असेल" एवढं म्हटलं असतं की मी सुटलो असतो. त्या क्षणी मी मनातल्या मनात त्या बिचाऱ्या घड्याळाला फासावर लटकवायला निघालोही होतो. पण आपल्या गुन्ह्यासाठी घड्याळाला फाशी देणारा माणूस उद्या कुणाला देईल याचा नेम नाही. मी त्याला सगळं सांगितलं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पाच एकवीस म्हणून ठाऊक असतं, तर क्लास सोडून आनखी एक टाईम पळलो असतो, सर." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो निघून गेला आणि चार दिवस आला नाही.

त्या चार दिवसांत मी पुष्कळ विचार केला. सौ.ने माझी बाजू घेतली, हे विशेष. ती म्हणाली, "तुमच्या पहिल्या पगाराची ती जांभळी साडी मला मुळीच आवडली नव्हती. मी छान म्हटलं. मग मीही पापी?"

"आवडली नव्हती?"

"विषय साडीचा नाही."

विषय साडीचा नव्हता हे खरं, पण उत्तर साडीतच होतं. तिने छान म्हटलं त्यावर माझी भरती अवलंबून नव्हती. (तेवढी जांभळी साडी मी आणखी दोनदा आणली, तो भाग वेगळा.) माणूस कौतुक मागायला येतो तेव्हा थोडं पदरचं घालून द्यावं, त्यावाचून संसार चालत नाही, गावही चालत नाही. पण माणूस माप मागायला येतो तेव्हा तो त्या मापावर काहीतरी उभं करणार असतो : घर, लग्न, वर्षभराचे कष्ट. तिथे पदरचं घालणं म्हणजे त्याच्या पायाखालची वीट काढून त्याच्याच हातात भेट म्हणून देणं.

पूर्वी मापच ठाऊक नव्हतं, तेव्हा निराळं होतं. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरून आपले धावपटू गेले, दोराबजी टाटांच्या पुढाकाराने. टाटांनी जिमखान्यावर शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना पाहिली होती. तेव्हाची एक गोष्ट सांगतात : ऑलिंपिकसाठी शंभर मीटरला वेळ किती लागावा, असं विचारल्यावर एका मोठ्या गृहस्थांनी "मिनिट-दोन मिनिटं" असं सांगितलं होतं! तरी त्यांतले बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पला मॅरेथॉन २ तास ५० मिनिटांत पुरी करून एकोणिसावे आले. मिनिट-दोन मिनिटं म्हणणारे गृहस्थ अज्ञानी होते, पण प्रामाणिक होते. मला सेकंद ठाऊक होते. आणि सेकंदाचं मोल विचाराल तर तेही ठाऊक होतं. २०२२ च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेचं तीन हजार मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण हुकलं ते पाच शतांश सेकंदाने. केनियाचा किबिवोट ८ मिनिटं ११.१५, आपला माणूस ११.२०. तुम्ही "पाच शतांश" हा शब्द म्हणेपर्यंत असे वीस साबळे रौप्यपदक घेऊन जातील. मी तर अकरा सेकंद वाटून मोकळा झालो होतो.

आणि खरं सांगू? मी ते त्याच्यासाठी वाटले नव्हते. तो निराश चेहरा मला पाहवत नव्हता. पाच एकवीस म्हणून सांगायचं, मग त्याच्याजवळ बसायचं, फेऱ्या कुठे ढिल्या पडतात ते पाहायचं, संध्याकाळी पुन्हा यायचं, हे सगळं करावं लागलं असतं. पाच चौदा म्हटलं की काम भागलं आणि घरी जाऊन पोहे खाता आले. पुष्कळदा आपण ज्याला दया म्हणतो तो आपला आळस असतो. दुसऱ्याच्या अंगावर शाल म्हणून घालतो इतकंच.

मोसंबीच्या मार्केटात एक म्हातारे आडते बसतात. त्यांना मी नावगाव न सांगता हा प्रश्न घातला. त्यांनी तंबाखू मळता मळता सांगितलं, "सर, शेतकरी अडचणीत आसला तर भाव दोन रुपये वाढवून द्यावा. काटा न्हाई वाढवू. काट्याला माया आली की मार्केट बसलं."

पाचव्या दिवशी पोरगा आला. बुटांच्या नाड्या बांधल्या, घड्याळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "तुम्हीच धरा सर. पण आकडा मोठ्यानं सांगा. सगळ्यांसमोर."

त्याने मला क्षमा केली की माझ्यावर पहारा बसवला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असावं. आता मी प्रत्येक फेरीचा आकडा ओरडून सांगतो. पाचव्या-सहाव्या फेरीला तो ढिला पडतो हे तीन दिवसांत उघड झालं. संध्याकाळीही जातो. परवा त्याने पाच सोळा काढले. मी ओरडलो, "पाच सोळा!" त्याने मान हलवली. पुढच्या भरतीपर्यंत सहा सेकंद उतरवायचे आहेत. उतरतील की नाही, मी सांगू शकत नाही. सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवू नका.

माझी टाच हल्ली बरी आहे. आठवड्यातून तीनदा, दमाने, कुंपणापर्यंत जाऊन येतो. कुणी वेळ विचारली तर बैठकीतल्या चौकटीकडे बोट दाखवतो. काल सौ.ने विचारलं, "ते बूट खरंच बावीसशेचे होते का हो?"

मी खरं सांगितलं.

आज सकाळी पोहे नव्हते.